भूत रंगवण्याआधी

अरे, भुतांच्या भीतीवर शाळेत चित्रं दाखवत बोलायचं, तर पहिल्याच व्याख्यानाला हडळ नको. नववी-दहावीच्या मुलांना आधी डोळा कसा फसतो ते दाखव. १९७६ मध्ये व्हायकिंग-१ यानाने टिपलेला मंगळावरचा ‘चेहरा’ २००१ च्या स्पष्ट छायाचित्रात साधी टेकडी निघाला. तसंच गोदाकाठचं पहाटेचं धुकं काढ, त्यात वडाच्या पारंब्या उभ्या बाईसारख्या दिसू देत. धुकं, सावली, दिवा कॉम्प्युटरवरच्या चित्रात वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर ठेव. बोलता बोलता एकेक लेयर बंद केलास की उभी बाई पुन्हा वडाच्या पारंब्या होते. त्या क्षणी वर्गात जो हुंकार उठतो ना, त्यासाठीच मी हे करते. शाळेच्या हॉलमध्ये पुरता अंधार होत नाही, म्हणून गडद भाग थोडे उजळ ठेव. आणि नाशिकातल्या खऱ्या वाड्याचं, विहिरीचं नाव चित्राला देऊ नकोस. एखाद्या मुलीला क्लासवरून रात्री तिथूनच घरी जायचं असतं.