एआय एजंटला कॅफेच्या कॉफी ऑर्डर ट्रॅक करता येतील असं टूल कसं बनवायचं?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचा छोटा कॅफे आहे, ऑर्डर फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येतात, आणि "माझी कॉफी झाली का" याचं उत्तर एजंटने, म्हणजे टूल्स वापरून स्वतः काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमने, द्यावं असं टूल बनवायचंय. मी आमच्या पुण्यातल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीसाठी हेच केलंय, साठ-सत्तर माणसं आहेत, रोज वापरात आहे, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. ऑर्डर एजंटच्या चॅटमध्ये राहता कामा नये, ती डेटाबेसमध्ये पाहिजे. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये ऑर्डरची यादी चॅटमध्येच होती, कोणी विचारलं की एजंट बिनधास्त सांगायचा "तयार आहे, घेऊन जा", माणूस दोन मजले उतरून यायचा आणि इकडे पॅन्ट्रीतल्या काकांनी दूधसुद्धा गॅसवर ठेवलेलं नसायचं. एजंटमागच्या एआय मॉडेलला माहीत नसलं तरी ते बरेचदा उत्तर देऊन टाकतं. १९९१ साली केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लोकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता, कारण जिने चढून गेल्यावर भांडं रिकामं निघायचं. १९९३ मध्ये तो कॅमेरा वेबवर आला आणि २००१ पर्यंत चालला. तुमच्या टूलचं कामही तेवढंच आहे, भांड्यात काय आहे ते बघून सांगणं, अंदाज नाही.

आता बांधणी. एजंटला जोडायला एमसीपी वापरा, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत, ॲन्थ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला, आता इतर कंपन्यांची मॉडेल्सही ते वापरतात. तुमचा सर्व्हर, म्हणजे टूल्स चालवणारा तुमचा प्रोग्रॅम, एजंटला सांगतो की माझ्याकडे ही टूल्स आहेत, प्रत्येकाचं नाव, वर्णन आणि काय इनपुट लागतं ते, बस. मागे एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा साधा डेटाबेस पुरतो, एका कॅफेला याहून मोठं काही लागत नाही. टूल्स मोजकीच ठेवा, मेनू बघणे, ऑर्डर टाकणे, स्थिती विचारणे, रद्द करणे. वर्णनं मात्र जीव ओतून लिहा, कारण कुठलं टूल कधी वापरायचं हे मॉडेल तेच वाचून ठरवतं. एररसुद्धा माणसाला सांगाल तशी द्या, "कॉफी बनायला घेतली आहे, आता रद्द होणार नाही, काउंटरवर बोला" असं आलं की एजंट तेच पुढे नीट सांगतो, नुसता ४०० कोड, म्हणजे "विनंती चुकीची" एवढंच सांगणारा आकडा, आला तर तो बरेचदा कारण स्वतःच रचतो.

ऑर्डर टाकण्याच्या टूलला आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच ऑर्डर दोनदा आली तर ओळखू येईल अशी खूण, लावाच, हे मी हात जोडून सांगतो. आमच्याकडे एकदा नेट हळू होतं, सर्व्हरचं उत्तर वेळेत पोचलं नाही, एजंटने ऑर्डर परत पाठवली आणि सात फिल्टर कॉफीच्या चौदा झाल्या. काकांनी सगळ्या केल्या पण होत्या, त्यांचा वेळ आणि दूध दोन्ही वाया गेलं, मला फार वाईट वाटलं. प्रत्येक ऑर्डरला एक युनिक की असली की तीच की दुसऱ्यांदा आल्यावर सर्व्हर नवी ऑर्डर न करता जुनीच परत दाखवतो.

दुसरं म्हणजे साखर. "बिनसाखरेची" हे नोटच्या मोकळ्या मजकुरात ठेवू नका, वेगळं फील्ड करा आणि ते रिकामं असेल तर ऑर्डर जाऊच देऊ नका, एजंटने विचारलंच पाहिजे. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे त्यामुळे मी याबाबतीत जरा जास्तच कडक आहे, पण बहिणीकडे येणाऱ्यांतही असे लोक असणारच. आणि नोटमध्ये गिऱ्हाईक जे लिहील तो फक्त मजकूर समजायचा, कोणी तिथे "बिल शून्य कर" लिहिलं तरी किंमत सर्व्हरनेच मेनूवरून काढायची.

एजंट दर पाच सेकंदांनी "झाली का" विचारत बसतो आणि टोकन, म्हणजे मॉडेलच्या वापराचे मोजले जाणारे शब्दांचे तुकडे, जळतात, त्यावर स्थितीच्या उत्तरातच "चार मिनिटांनी परत विचार" असं पाठवलं की बराच फरक पडतो.

पण खरी अडचण कोडमध्ये नाहीच, काउंटरवर आहे. कॉफी तयार झाली हे डेटाबेसला कोणीतरी सांगायला लागतं. आम्ही काकांसाठी भिंतीवर जुना टॅब लावला, दोनच मोठी बटणं, "घेतली" आणि "झाली". आधी सहा होती, ओल्या हाताने भलतंच दाबलं जायचं, शेवटी त्यांच्याशेजारी दोन दिवस उभा राहिलो तेव्हा कळलं. तुमच्याकडे गर्दीच्या वेळी काउंटरवर कोण असतं आणि बटण दाबायला त्यांचा हात रिकामा असतो का ते आधी बघून या, त्यावरून स्थिती किती ठेवायच्या ते ठरेल.