आयात शुल्क बुडवणाऱ्यांचा दंड वाढवला तर आळा बसेल का?

नाही बसणार. दंड आजही कमी नाही. मुद्दाम खोटं सांगून ड्युटी बुडवली तर कस्टम्स कायद्याच्या कलम ११४अ खाली जेवढी बुडवली तेवढाच दंड, वर व्याज. रक्कम मोठी असेल तर ७ वर्षांपर्यंत तुरुंग. पण आधी पकडा तर!

नाशिकच्या अंबडला माझं स्क्रूचं छोटं युनिट आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात एका जुन्या गिऱ्हाइकानं टेबलावर चिनी स्क्रूची पिशवी ओतली. म्हणाला, "७० रुपये किलो, पोच. तुमचा भाव बोला." आमच्या नुसत्या तारेलाच ५५ पडत होते. वर हेडिंग, थ्रेडिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, वीजबिल. मूठभर स्क्रू हातात घोळवले, डोकी निरखली. माल चांगला निघाला, तेच जास्त लागलं.

त्याच महिन्यात गंगापूर रोडला एका लॉनवर घरातलं लग्न. माझे साडू हार्डवेअर आयात करतात. जेवणानंतर पान चघळत त्यांनी मोबाईलवर आपली बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची किंमत कस्टम्सला सांगायचा कागद, दाखवली, कौतुकानं. किलोला ४५ सेंट! म्हणजे तेव्हाचे तीस-बत्तीस रुपये. म्हटलं, एवढ्यात तयार स्क्रू कोण देतो? तर म्हणे, "उरलेले पैसे वेगळ्या वाटेनं जातात हो, भाऊसाहेब. तुम्ही मशीनला तेल घालत बसा."

पुढे २०२१ च्या बजेटमध्ये स्क्रूवरची ड्युटी १० वरून १५ टक्के झाली. आमच्याकडे पेढे वाटले, मी नाही खाल्ला. कागदावर किंमतच निम्मी लिहिणाऱ्याला ड्युटी वाढली की चोरीत उलट जास्त सुटतं. जानेवारी २०२४ मध्ये काही प्रकारच्या स्क्रूंची १२९ रुपये किलोच्या खाली आयात बंद केली, तेव्हा कुठे धक्का बसला.

म्हणून माझं मत: कागद तपासणाऱ्यासमोर कच्च्या मालाचा त्या दिवसाचा भाव ठेवा. शंका आली तर दाखवलेली किंमत नाकारायचा अधिकार २००७ च्या मूल्यांकन नियमांत आहेच. पण कस्टम्सच्या फेसलेस (ऑनलाइन) पद्धतीत न्हावा शेवा बंदराचा कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघतो. तारेचा भाव माहीत नसेल तर त्याला शंका येणार कशी?

डीआरआयला, म्हणजे कस्टम्सची चोरी पकडणाऱ्या केंद्राच्या खात्याला, खबर द्या, २० टक्क्यांपर्यंत बक्षीस मिळतं, असंही कुणी सांगेल. मी पत्र लिहिलं होतं. बायको म्हणाली, "माझ्या बहिणीच्या दारात धाड आणणार?" पत्र ड्रॉवरमध्येच राहिलं. माझी दोन हेडिंग मशीनं भंगारच्या भावात गेली, आणि 'यांना धंदा जमला नाही' हे साडू अजून चारचौघांत सांगतात.

सगळे आयातदार चोर नसतात, हे खरं. माझं थ्रेड रोलिंग मशीन तैवानचं आहे, पूर्ण ड्युटी भरून आणलेलं. आणि १२९ च्या नियमानं काही छोट्या फर्निचरवाल्यांना माल महाग पडला, तेही खोटं नाही.

फसवणुकीची ड्युटी कलम २८ प्रमाणे ५ वर्षं मागेपर्यंतच मागता येते. म्हणजे ते २०१९ चं बिल सुटलं. साडूंनीही तारीख मोजली असणार. यंदा दिवाळीला स्वतः फराळाचा डबा घेऊन आले.