2006 च्या फुटबॉल वर्ल्ड कपचं चांदीचं नाणं कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडीत द्यावं का?

मामांनी जर्मनीहून आणलेलं 10 युरोचं नाणं काळं पडलंय आणि सराफ ते मोडीत घ्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. द्यायचं की ठेवायचं ते नंतर बघू. आधी एक सांगतो, घासू नका.

मी घासून बसलोय. मेक्सिकोनं 1986 च्या वर्ल्ड कपसाठी चांदीची नाणी काढली होती, त्यातलं एक माझ्याकडं होतं, आरशासारखं. दसऱ्याला देव उजळायला काढले आणि रांगोळीनं तेही उजळून टाकलं. चकाकलं खरं, पण अंगभर केसासारखे ओरखडे! काळेपणा हवेतल्या गंधकानं येतो, तो संग्राहकाला चालतो. ओरखडा चालत नाही. सराफालाही कसोटीवर घासू देऊ नका, चांदीची शुद्धता दाखवणाऱ्या टंच मशीनवर बघा म्हणावं.

आता हिशोब. जर्मनीनं या स्पर्धेसाठी 2003 ते 2006 दरवर्षी एक, अशी चार नाणी काढली. प्रत्येकाचं वजन 18 ग्रॅम, चांदी 925, म्हणजे हजारात 925 भाग, चांदीकाम करणाऱ्या हुपरीच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. निव्वळ चांदी 16.65 ग्रॅम भरते. त्या दिवशीच्या भावानं गुणा आणि सराफाचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. व्यास 32.5 मिलिमीटर हवा. वर्ल्ड कपचं प्रत्येक नाणं चांदीचं नसतं. रशियाचं 2018 चं 3 रुबलचं चांदीचं, पण 25 रुबलचं नाही. आणि ज्यावर चलनाची किंमतच नाही ते नाणं नव्हे, पदक. त्यावर बऱ्याचदा नुसता मुलामा असतो.

'दुर्मीळ' म्हणून चौपट भाव मिळेल ही आशा सोडा. ही नाणी लाखोंनी निघालीत. त्यावरचे 10 युरोही फक्त जर्मनीत चालतात, शेजारच्या फ्रान्समध्ये नाही. शिवाय आपल्या पेठांत चाहते ब्राझीलचे नाहीतर अर्जेंटिनाचे. हौसेनं चार पैसे जास्त देणारा जर्मनीवाला शाहू स्टेडियमवर दिवा घेऊन शोधावा लागेल.

पैशाची नड नसेल तर मी ठेवेन. मामांची आठवण आहे, आणि चांदी कुठं पळून जात नाही. फक्त मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यानं हिरवट चिकट थर धरतो. कडक गोल डबी घ्या आणि नाणं कडेनंच धरा.