जठराच्या कर्करोगावर लॅटिनो रुग्णांसाठी वेगळे संशोधन कशाला?

आपला प्रश्न असा आहे की, कर्करोग सर्वांना सारखाच होत असताना अमेरिकेत लॅटिनो (म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकी) रुग्णांच्या जठराच्या कर्करोगाचा स्वतंत्र अभ्यास का केला जातो, आणि हा वंशभेदच नव्हे का. मी कॅलिफोर्नियात एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करतो. बायोप्सीचे तुकडे रोजच हाताखालून जात असल्याने ही शंका मलाही सुरुवातीला आली होती.

अमेरिकेतील लॅटिनो लोकांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण तेथील गोऱ्या लोकांच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि तो अनेकदा कमी वयात व पुढच्या टप्प्यावर सापडतो. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग त्यांच्यात अधिक आढळतो, हे त्याचे एक कारण. परंतु तेवढ्याने सगळे उलगडत नाही. २०१४ साली २९५ अर्बुदांच्या (ट्यूमरच्या) अभ्यासातून या कर्करोगाचे चार जनुकीय प्रकार ठरवले गेले. त्यांपैकी ‘जनुकीयदृष्ट्या स्थिर’ म्हणवला जाणारा प्रकार लॅटिनो रुग्णांत जास्त दिसतो, असे टेक्सासमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. सीडीएच-१ या जनुकातील जन्मजात बदलही त्यांना या रुग्णांत लक्षणीय प्रमाणात आढळले. हे जनुक पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे प्रथिन बनवते. ते निकामी झाले की पेशी सुट्या होऊन जठराच्या भिंतीत विखरत जातात (‘जनुकीयदृष्ट्या स्थिर’ प्रकारात बहुधा असेच विखुरणे दिसते), ठळक गाठ बनतच नाही, आणि म्हणून एंडोस्कोपीतही रोग नजरेतून निसटू शकतो.

उपचारांचा प्रश्न इथेच येतो. ट्रास्टुझुमॅब हे औषध हर-२ प्रथिन जास्त असलेल्या अर्बुदांवर चालते, पण विखुरणाऱ्या प्रकारात ते प्रथिन क्वचितच वाढलेले असते. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध वापरणाऱ्या उपचाराचा, सर्वाधिक लाभही मुख्यतः दुसऱ्याच प्रकारांना होतो. क्लॉडिन १८.२ या प्रथिनावर नेम धरणारे झोल्बेटुक्सिमॅब २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि ते विखुरणाऱ्या प्रकारातही उपयोगी पडू शकते, ही त्यातल्या त्यात आशादायक बाब होय. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मूळचे कोलंबियाचे लुईस कारवाहाल-कार्मोना आणि त्यांचे सहकारी रुग्णांच्या अर्बुदांचे नमुने उंदरांमध्ये वाढवून त्यांवर औषधे तपासतात, आणि त्यात लॅटिनो रुग्णांचे नमुने मुद्दाम घेतले जातात. कारण जे नमुने संग्रहातच नाहीत, त्यांच्यावर कोणते औषध चालेल हे कळणार कसे?

आता वंशभेदाविषयी. ‘लॅटिनो’ हा काही जीवशास्त्रीय गट नव्हे. त्यात मूळ अमेरिकी, युरोपीय आणि आफ्रिकी वारसा प्रत्येकात निराळ्या प्रमाणात मिसळलेला असतो. कोलंबियातील एका अभ्यासात तर असे दिसले की, हेलिकोबॅक्टर जिवाणूचा वारसा आफ्रिकी आणि माणसाचा प्रामुख्याने मूळ अमेरिकी असला, तर जठराची इजा अधिक गंभीर होते. (आपल्यालाही हे लागू पडते: औषधांच्या चाचण्यांत ‘आशियाई’ म्हणून मुख्यतः जपानी, कोरियन आणि चिनी रुग्ण मोजले जातात, आणि त्याच रकान्यात आपण बसवले जातो.) म्हणून औषधाची निवड आडनावावरून नव्हे, तर त्या रुग्णाच्या अर्बुदाच्या तपासणीवरूनच व्हावी लागते, समाजाचे नाव फक्त आजवर कोणाचे नमुने गोळा करायचे राहून गेले, हे सांगते.