धावायला सोबत : वाचकांचे प्रश्न

धावण्याविषयी आलेल्या पत्रांत शास्त्रापेक्षा माणसांविषयीचे प्रश्न जास्त आहेत: बरोबर कोण येणार, घरचे काय म्हणणार, ग्रुप पुढे निघून जातो त्याचं काय करायचं. धावणं टिकतं ते बहुतेक वेळा याच उत्तरांवर. म्हणून यावेळी तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : वय ४३, बैठं काम. आतापर्यंत दोनदा धावायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटांत धाप लागते, तरी रेटतो. तिसऱ्या आठवड्यात पोटरी नाहीतर गुडघा धरतो आणि सगळं बंद पडतं. घरचे म्हणतात, तुझ्यात चिकाटी नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : चिकाटी नसती तर धाप लागल्यावर पहिल्याच दिवशी घरी गेला असतात. तुमचा वेग जास्त आहे, अडचण तेवढीच. नियमित व्यायाम सुरू केला की दम काही आठवड्यांतच सुधारायला लागतो. कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) आणि हाडं मात्र धावण्याचा भार पेलायला कित्येक महिने घेतात. दम वाढला म्हणून माणूस वेग आणि अंतर वाढवतो आणि मागे राहिलेली पोटरी बोंब मारते. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बंद पडणारे म्हणूनच इतके जण असतात.

आठवड्यातले तीनच दिवस धरा, मंगळवार, गुरुवार आणि रविवार. सुरुवातीला ५ मिनिटं भरभर चाला. मग १ मिनिट हलकं धावणं आणि दीड मिनिट चालणं, असं आठ वेळा. शेवटी पुन्हा ५ मिनिटं चाल. अर्ध्या तासात सगळं आटोपतं. दुसऱ्या आठवड्यात दीड मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. पुढे धावण्याचे तुकडे ३, मग ५ मिनिटांचे करत जा. जॉश क्लार्क यांनी १९९६मध्ये आखलेल्या 'काऊच टू फाइव्ह के' (सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत) या नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमाची चाल साधारण अशीच आहे. त्यात पाचव्या आठवड्याच्या शेवटी एकदम सलग २० मिनिटं धावायचं असतं. चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना ती उडी मोठी पडते. तिथे अडलात तर चौथा आठवडा पुन्हा करा. नऊचे तेरा-चौदा आठवडे झाले तरी काही बिघडत नाही.

वेग ठरवायला घड्याळ नको. 'उद्या लाईटबिल भरायचंय आणि येताना दूध आणायचंय' हे धावता धावता मोठ्याने म्हणा. एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर, मधे तुटलं तर कमी करा. एक किलोमीटरला ९ मिनिटं लागली तरी ते धावणंच आहे. जोरात चालणारे आजोबा बरोबरीला आले तरी वेग वाढवू नका.

आता घरच्यांचं. त्यांना चिकाटीवर बोलू देऊ नका, त्यांच्याकडे एक काम सोपवा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ते तीन वार तुम्ही नाही, त्यांनी खूण करून ठेवायचे. किती धावलात हे विचारायचं नाही. गेलात की नाही, एवढंच.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, दोन मुलं. सकाळी साडेपाच ते साडेसहा एवढाच वेळ मिळतो, आणि तेव्हा अंधार असतो. एकटीने जायची भीती वाटते. बरोबर कुणी येईल का, हे कसं विचारू? घरात सासूबाईंना हे खूळ वाटतं. – एक वाचक, जालना

उत्तर : दोघी नको, तिघी गोळा करा. दोघींपैकी एकीला ताप आला की दुसरीचंही राहतं. तिघी असल्या तर एक आली नाही तरी दोघी उरतात आणि नेम मोडत नाही. जाऊ, शेजारीण, मुलांच्या शाळेतली एखादी आई, कुणीही चालेल. तिला धावायची आवड असायची गरज नाही. पहिले काही आठवडे निम्म्याहून जास्त वेळ चालणंच असतं.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. 'उद्या येतेस का?' असं रोज रात्री विचारलं की रोज नव्याने ठरवावं लागतं, आणि रात्रीच्या थकव्यात उत्तर नाहीच येतं. महिन्याचे वार एकदाच ठरवा. ठरलेल्या वाराला 'येतेय' असा मेसेज टाकायचाच नाही. येणार नसेल तिनेच, तेही रात्री दहाच्या आत कळवायचं. सकाळी कुणीही कुणाची पाच मिनिटांपेक्षा जास्त वाट पाहायची नाही. हा नियम कडक वाटेल, पण ताटकळत थांबावं लागलं की तिसऱ्या खेपेला माणूस येईनासा होतो.

जागा दिवे असलेली निवडा: शाळा-कॉलेजचं मैदान, पोलीस परेड ग्राउंडला सकाळी प्रवेश असेल तर ते, किंवा वस्तीतलाच ५००-६०० मीटरचा फेरा. फेऱ्याचा एक फायदा असा की कुणी थकलं तरी घर लांब राहत नाही. रस्त्यावरून जायचं असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने, फिकट कपड्यांत, आणि दोन्ही कानांत इअरफोन न घालता. कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, अंग चोरून चालत बाजूला व्हा. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हा त्यांचा स्वभावच आहे.

कपड्यांत एका गोष्टीत काटकसर करू नका: चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा. ती नसेल तर छाती आणि खांदे दुखतात, आणि कित्येक जणी तेवढ्यासाठी धावणं सोडतात. बाकी पंजाबी ड्रेसही चालतो. फक्त ओढणी घरी ठेवा आणि सलवार घोट्याशी अडकणार नाही एवढी आखूड असू द्या.

आणखी एक. चार-पाच आठवडे हळू धावूनही धाप कमी होत नसेल, जिना चढताना छातीत धडधडत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तातच प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी असेल तर मन कितीही घट्ट केलं तरी पाय चालत नाहीत.

सासूबाईंचं मन वादाने वळायचं नाही. घरातली सकाळची दोन कामं आधीच उरकून ठेवा किंवा नवऱ्याकडे नेमकी सोपवा: डबा कोण भरणार, मुलांना कोण उठवणार. 'मदत करा' असं मोघम म्हटलं की काम कुणाचंच होत नाही. आणि एखाद्या रविवारी त्यांनाही मैदानावर घेऊन जा. तुम्ही धावाल, त्या फेऱ्या मारतील.

प्रश्न : सोसायटीच्या रनिंग ग्रुपमध्ये सामील झालो. सगळे माझ्याहून वेगवान. त्यांच्याबरोबर राहायचं म्हणून पळतो, आणि महिन्याभरात दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखायला लागल्या. ग्रुप सोडू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी नडगी. हाडाच्या आतल्या कडेने बोटं दाबत खाली या. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल, तर बहुधा नवख्यांना होणारं नेहमीचं दुखणं आहे, ज्याला शिन स्प्लिंट्स म्हणतात. दुखणं एका बोटाएवढ्या जागीच असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल किंवा त्या पायावर एका पायाने उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग धावणं ताबडतोब बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा पुष्कळदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे चांगला आला' एवढ्यावर पुन्हा पळू नका.

पहिल्या प्रकारचं असेल तर दोन आठवडे धावण्याऐवजी सायकल किंवा चालणं, दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं बर्फ (फडक्यात गुंडाळून), आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, १५चे तीन संच. चालताना अजिबात दुखेनासं झालं की पुन्हा १ मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं या क्रमापासून सुरुवात. काँक्रीटपेक्षा मातीचं मैदान बरं. बूटही पाहा. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळव्याचा फेस दबतो. नवे घेताना संध्याकाळी जा, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे नखाएवढी जागा सुटली पाहिजे.

ग्रुप सोडू नका, ग्रुपची रचना बदला. सोबत वेळेची असावी, वेगाची नको. त्यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अंतराऐवजी मिनिटांवर धावणं: सगळ्यांनी एकत्र निघायचं, ज्याला जेवढं जमेल तेवढं जायचं, आणि १५व्या मिनिटाला जिथे असाल तिथून उलटं फिरायचं. वेगवान माणूस लांबून परत येतो, सावकाश धावणारा जवळून, आणि साधारण एकाच वेळी सगळे निघालेल्या जागी पोचतात. कुणी कुणासाठी थांबलेलं नसतं. तलावाभोवतीच्या फेऱ्यांनाही हेच लागू करता येतं: तीस मिनिटं पळायचं, फेऱ्या मोजायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट पार्करनकडून घेण्यासारखी आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ धावपटूंनी सुरू झालेला हा दर शनिवारचा पाच किलोमीटरचा मोफत उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालत येतो, त्यामुळे शेवटचा क्रमांक कधीही धावायला आलेल्या माणसाचा नसतो. तुमच्या ग्रुपमध्ये दर रविवारी एका अनुभवी माणसाने ही पाळी घ्यावी. नवा माणूस टिकतो तो यामुळे. फोटो आणि मेडलने तो टिकत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर रोज टाकलेल्या वेगाच्या आकड्यांनी तर उलट गळतो. आकडे टाकायचेच असतील तर महिन्यात किती दिवस आलात, ते टाका.

प्रश्न : मिस्टरांना (५५) मधुमेह आणि रक्तदाब आहे. डॉक्टरांनी हळूहळू धावायला परवानगी दिली आहे. मी धावू शकत नाही, पण त्यांना साथ द्यायची आहे. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची साथ इथे खरोखर उपयोगाची आहे, कारण साखर उतरते तेव्हा ते आधी बरोबरच्या माणसाला कळतं. औषधांची नावं पाहा. फक्त मेटफॉर्मिन असेल तर साखर फार खाली जाण्याची शक्यता कमी. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर मोजा. ९०च्या खाली असेल तर एक केळं खाऊन थोडं थांबूनच निघायचं. खिशात ग्लुकोजची पुडी असावीच. घाम, थरथर, चिडचिड, तुटक बोलणं दिसलं की थांबवा, तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ७०च्या वर आली नसेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८ला फोन करा. कधी कधी साखर व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्रीही उतरते. नवीन सुरुवात असताना झोपण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावं.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. घड्याळातले आकडे त्यांच्यासाठी निरुपयोगी; पहिल्या उत्तरातलं लाईटबिलाचं वाक्य धावता धावता म्हणणं हेच माप. याच गोळ्यांमुळे साखर उतरतानाची थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो, तो ओळखा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, किंवा चक्कर आली तर त्या दिवशीचं धावणं तिथेच संपलं आणि दवाखाना गाठायचा.

रोज रात्री त्यांचे तळवे दोघांनी मिळून पाहा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही. मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात आणि कातडी सोलते.

बोलण्यात एक पथ्य ठेवा. 'आज गेला नाहीत ना?' याऐवजी 'मी चप्पल घालते, चला' म्हणा. मैदानात ते धावतील तेवढा वेळ तुम्ही चाला. दोन महिन्यांनी रिपोर्ट आल्यावर तो दोघांनी एकत्र वाचा.

प्रश्न : पावसाळ्यात सगळं थांबतं. पर्याय? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाऊस थांबवत नाही, वीज आणि शेवाळ थांबवतं. गडगडाट ऐकू आला की घरात. जांभ्यावर आणि मळकट फरशीवर पाय सरकतो, तेव्हा डांबरी रस्ता बरा. भिजलेल्या बुटांतले इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलं तर डिंक सुटतो. दोन जोड आलटून पालटून वापरले तर उत्तम. ज्या दिवशी बाहेर पडता येत नाही त्या दिवशी ठरलेल्या वेळी सोबत्याला व्हिडिओ कॉल लावा आणि २० मिनिटं जिना चढा-उतरा. वेळ हातची सुटली नाही म्हणजे झालं.

प्रश्न : चार महिन्यांपासून धावते, सलग ५ किलोमीटर होतं. मैत्रिणी पुढच्या दोन महिन्यांत हाफ मॅरेथॉनला नाव घालतायत, मलाही ओढतायत. जाऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन महिन्यांत ५ वरून २१.१ किलोमीटर, नको. मैत्रिणींच्या ओढीने इथवर आला असाल तर ती ओढ जपा, पण नाव १० किलोमीटरला घाला. आठवड्यातली एकच धाव लांबवायची: ५, ६, ६, ७, मग एक आठवडा पुन्हा ५, त्यानंतर ७, ८, ९. हाफसाठी त्यानंतर आणखी किमान तीन-चार महिने लागतील आणि रविवारची धाव १६-१८ किलोमीटरपर्यंत पोचलेली असावी. सातारा हिल हाफ मॅरेथॉन तर पहिली म्हणून घेऊच नका. यवतेश्वरचा घाट चढताना दम जातो, आणि उतरताना मांड्यांची पुढची बाजू सोलून निघते ती वेगळीच. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रनही असते, तिथे गर्दीची सवय करून घेता येते.

मैत्रिणी हाफ धावत असतील त्या दिवशी त्यांच्या मार्गावर १५व्या-१६व्या किलोमीटरला उभ्या राहा. बहुतेकांची शक्ती तिथेच संपायला लागते आणि बघे मात्र शेवटच्या रेषेजवळ गर्दी करतात. 'आता थोडंच राहिलं' असं ओरडू नका, कारण थोडं राहिलेलं नसतं. नावाने हाक मारा, मिठाचं लिंबूपाणी पुढे करा, आणि आयोजकांची हरकत नसेल तर फूटपाथवरून दोनशे मीटर बरोबर पळा.