मेलबर्नच्या मैदानावरचे आकडे आणि सांगलीची विद्यार्थिनी

प्रश्न : माझी मुलगी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी ती मेलबर्नला मामाकडे गेली असता त्याने तिला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा सामना दाखवला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरे काही नाही. शनिवारी सकाळपासून ती इंटरनेटवर सामने पाहते आणि वहीत आकडे मांडते. याच खेळाची विश्लेषक व्हायचे आणि त्यासाठी तिकडे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, असे तिचे म्हणणे आहे. आकड्यांमुळे या खेळाचे डावपेच खरोखर बदलतात का, की ती केवळ टीव्हीवरची सजावट असते? आणि यासाठी आम्ही शैक्षणिक कर्ज काढावे का? तिची ही वही आम्ही अजून उघडून पाहिलेली नाही. – एक पालक, सांगली

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि आपण त्यांतला कर्जाचा प्रश्न अधिक कळकळीने विचारला आहे. तरीही मी आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मुलगी ज्या कामाच्या मागे लागली आहे ते काम नेमके काय आहे, हे कळल्याशिवाय त्यावर किती पैसे खर्चावेत हे ठरवता येत नाही.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला मैदानावर 18 खेळाडू आणि 20 मिनिटांचे चार क्वार्टर, त्यात थांबलेला वेळ वेगळा. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून पायाने मारलेला चेंडू गेला तर गोल, म्हणजे 6 गुण. बाजूच्या खांबांतून गेला, मधल्या खांबाला लागला किंवा बचाव करणाऱ्यानेच आत ढकलला तर बिहाइंड, म्हणजे 1 गुण. ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे खेळ चालू असताना कोणीही कुठेही उभे राहू शकतो आणि चेंडू चारही दिशांनी फिरतो. अशा खेळात काय मोजावे हेच मुळात अवघड असते.

आकड्यांमुळे डावपेच बदलतात का? बदलतात, आणि त्याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग या तिथल्या मुख्य स्पर्धेच्या 2008 च्या अंतिम सामन्याचे आहे. त्या वर्षी जिलॉन्गचा संघ साखळीतल्या 22 सामन्यांपैकी एकच हरला होता. समोर प्रशिक्षक अलिस्टर क्लार्कसन यांनी घडवलेला हॉथॉर्नचा संघ होता, जो एकेका प्रतिस्पर्ध्याला धरून राहण्याऐवजी चेंडूभोवतीची जागा अडवणारे जाळे घेऊन सरकत असे. सामना हॉथॉर्नने 115 विरुद्ध 89 असा जिंकला. जिलॉन्गच्या खात्यात 11 गोल आणि 23 बिहाइंड होते, तर हॉथॉर्नच्या खात्यात 18 गोल आणि 7 बिहाइंड. ही ओळ नुसती वाचली तर कोणीही म्हणेल की जिलॉन्गने नेम चुकवून सामना घालवला. परंतु त्या 23 पैकी 11 बिहाइंड हॉथॉर्नच्या बचावपटूंनी चेंडू आपल्याच गोलरेषेपलीकडे ढकलून स्वतः दिलेले होते. ते वजा केले तर जिलॉन्गने स्वतः मिळवलेले गोल आणि बिहाइंड मिळून 23 उरतात आणि हॉथॉर्नचे सगळे मिळून 25 होतात. म्हणजे संधींची उधळपट्टी झाल्याची ती कथा बरीचशी विरघळते.

बचावपटू असे का करत होते, हे आपली मुलगी आपल्याला वहीच्या एका पानावर दाखवू शकेल. दबावाखाली गोलसमोर चेंडू हातात ठेवला आणि तो हिरावला गेला तर 6 गुण जाण्याची भीती. तोच मागे ढकलला तर 1 गुण जातो, आणि वर चेंडू खेळात आणण्याचा हक्क आपल्यालाच मिळतो. हा साधा अपेक्षित मूल्याचा हिशेब आहे, तिने दुसऱ्या वर्षाला सोडवलेला. फरक इतकाच की येथे तो लाखभर प्रेक्षकांसमोर, क्षणार्धात, पळता पळता अमलात आला. लीगला ही चाल खेळाला मारक वाटली आणि 2009 पासून जाणूनबुजून असा बिहाइंड देणाऱ्याविरुद्ध फ्री किक देण्याचा नियम आला. हिशेबातून डाव निघाला आणि डावामुळे नियम बदलला. विश्लेषकाचे काम याच साखळीत बसते, म्हणून तिने हा सामना मुळातून पाहावा असे मी सांगेन.

या क्षेत्राची मुळेही एका खेळाडूकडेच जातात. टेड हॉपकिन्स यांनी 1970 च्या अंतिम सामन्यात राखीव खेळाडू म्हणून उत्तरार्धात उतरून कार्लटनसाठी चार गोल केले. मध्यंतराला 44 गुणांनी मागे असलेला त्यांचा संघ कॉलिंगवूडविरुद्ध जिंकला. पुढे 1990 च्या दशकाच्या मध्यात चॅम्पियन डेटा ही कंपनी उभी करणाऱ्यांत ते होते, आणि आज लीगची अधिकृत आकडेवारी हीच कंपनी नोंदवते. पूर्वी कोणी किती वेळा चेंडू खेळवला एवढेच मोजले जाई. आता चेंडू झगडून मिळवला की मोकळा मिळाला, तो मैदानाच्या कोणत्या भागात मिळाला, त्यानंतर किती मीटर पुढे सरकला आणि त्या क्षणी खेळाडूवर किती दबाव होता, हे सारे नोंदवले जाते. दबाव मोजण्यासाठी पाठलाग, वाट अडवणे आणि प्रत्यक्ष अंगाला भिडणे यांना वेगवेगळे गुण दिले जातात. नेमका प्रश्न विचारला म्हणजे आकडा कसा बदलतो याचे एक छोटे उदाहरण देतो. खेळ सुरू करताना वर गेलेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच खेळाडू म्हणजे रकमन; तो उडी मारून चेंडूला हात लावतो त्याला हिट-आउट म्हणतात. हिट-आउट भरपूर झाले म्हणून संघाला फायदा झाला असे नसते, कारण तो चेंडू पडतो कुठे आणि कोणाच्या हाती, हे त्या आकड्यात नसते. म्हणून आपल्याच खेळाडूच्या वाटेवर पडलेले हिट-आउट वेगळे मोजले जाऊ लागले.

रिचमंडच्या संघाने 2017, 2019 आणि 2020 अशी तीन विजेतेपदे मिळवली, तीही डेमियन हार्डविक यांच्या मार्गदर्शनाखाली. मध्यावर किंवा इतरत्र थांबलेला खेळ पुन्हा सुरू झाल्यावर झुंबडीतून चेंडू बाहेर काढण्याला क्लिअरन्स म्हणतात आणि त्या यादीत वर असणे हे अनेक वर्षे बलाढ्य संघाचे लक्षण मानले जाई. रिचमंड त्या यादीत अग्रेसर नव्हते. त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात दबाव टाकून चेंडू हिसकावण्यावर भर दिला, कारण गोलपासून जवळ आणि बचाव विस्कटलेला असताना मिळालेला चेंडू अधिक मोलाचा असतो. 2017 मध्ये तर एकाच उंच आघाडीच्या खेळाडूभोवती त्यांनी ठेंगणी, चपळ, पाठलाग करणारी मुले उतरवली आणि अंतिम सामन्यात अॅडलेडला 48 गुणांनी हरवले. यांतले किती विश्लेषकाचे आणि किती प्रशिक्षकाच्या अंतःप्रेरणेचे, हे वेगळे काढता येत नाही, आणि काढू नये असे माझे मत आहे. कोणता आकडा सोडून द्यायचा हे त्या संघाला ठाऊक होते, एवढे मात्र निश्चित दिसते.

एक सावधगिरी तिला आतापासून सांगून ठेवा, कारण हुशार विद्यार्थी नेमके येथेच घसरतात. या खेळाचे नियम वारंवार बदलतात आणि प्रत्येक बदलाने आकड्यांची जुनी मालिका तुटते. ताज्यातवान्या पायांनी दबाव टिकतो हे कळल्यावर क्लबांनी खेळाडूंची अदलाबदल इतकी वाढवली की लीगला 2014 मध्ये सामन्यामागे 120, 2016 मध्ये 90 आणि 2021 मध्ये 75 अशी मर्यादा घालावी लागली. 2019 पासून मध्यावरून खेळ सुरू होताना प्रत्येक संघाचे सहा-सहा-सहा खेळाडू तिन्ही भागांत असावे लागतात, आणि 2021 पासून मार्कवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चेंडू मोकळेपणी मारण्याचा हक्क मिळाला त्या जागी, उभ्या राहिलेल्या खेळाडूला जागेवरून हलता येत नाही. 2020 मध्ये साथीमुळे क्वार्टर 20 ऐवजी 16 मिनिटांचे होते. ज्याला हे ठाऊक नाही तो त्या वर्षीचे एकूण आकडे 2019 शेजारी मांडून मोकळा होईल आणि संघांचा खेळ आटल्याचा निष्कर्ष काढेल. शिवाय मैदानेही एकसारखी नसतात. जिलॉन्गचे मैदान लांबट आणि अरुंद आहे, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड रुंद आहे, आणि म्हणून सीमारेषेपासूनच्या अंतराचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होतो.

आता कामाच्या प्रत्यक्ष स्वरूपाविषयी. माझी एक जुनी विद्यार्थिनी मेलबर्नमध्ये शिकत असताना एका उपनगरी क्लबसाठी हंगामभर सामन्यांची चित्रफीत कापण्याचे आणि नोंदवण्याचे काम करीत होती. तिने मला सांगितलेली एक गोष्ट मी अनेक विद्यार्थ्यांना सांगतो. पहिल्या सामन्यानंतर तिने प्रशिक्षकांना चौदा पानांचा अहवाल दिला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि विचारले, ‘मंगळवारच्या सरावात मी नेमके काय बदलू?’ तिच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यापासून ती तीन छोट्या चित्रफिती आणि दोन वाक्ये घेऊन जाऊ लागली, आणि ती दोन वाक्ये लिहायला तिला चौदा पानांपेक्षा जास्त वेळ लागे. वरच्या पातळीवरही हेच कौशल्य लागते. 2019 मध्ये प्रशिक्षकाचा निरोप घेऊन मैदानात पळणाऱ्या माणसावर गोल झाल्यानंतरच आत जाण्याचे बंधन आले, त्यामुळे चालू खेळात फार काही कळवता येत नाही. जे सांगायचे ते आठवडाभराच्या तयारीत किंवा क्वार्टरच्या छोट्या विश्रांतीत सांगावे लागते.

म्हणून पदवीचा अभ्यास करतानाच तिने दोन गोष्टी कराव्यात. पहिली, आर ही संगणकभाषा नीट शिकावी. या खेळाची सार्वजनिक आकडेवारी आरमध्ये ओढून घेण्यासाठी फिट्झरॉय नावाचे मोफत पॅकेज आहे, आणि घरबसल्या अनेक हंगामांचा अभ्यास करता येतो. गोलच्या अपेक्षित गुणांचा हिशेब ती स्वतः मांडू शकेल. समजा, एका ठरावीक जागेवरून मारलेल्या 100 चेंडूंपैकी 60 गोल, 25 बिहाइंड झाले आणि 15 वाया गेले, तर तिथल्या एका फटक्याची सरासरी किंमत 3.85 गुण होते. मग संघाने प्रत्यक्षात मिळवलेले गुण या किमतीशी ताडून पाहायचे. दुसरी गोष्ट संगणकाशिवायची आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. एका कागदावर लंबगोल काढावा, एकच क्वार्टर थांबवत थांबवत पाहावा आणि चेंडूचा ताबा जिथे बदलला तिथे प्रत्येक वेळी खूण करावी. एका क्वार्टरला तीन तास लागतील. त्या तीन तासांत डोळ्यांना जे वळण लागते ते कोणत्याही तयार तक्त्यातून लागत नाही. हाच सराव तिने सांगलीतल्या कबड्डीच्या सामन्यांवरही करावा. तिसऱ्या, करो या मरो चढाईला बचाव कसा उभा राहतो हे नोंदवणे हे त्याच जातीचे काम आहे, आणि त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

आता कर्जाचा प्रश्न. येथे मी आपल्याशी गोड बोलून चालणार नाही. या लीगमध्ये 18 क्लब आहेत, त्यांतले 10 व्हिक्टोरिया राज्यात. प्रत्येक क्लबमध्ये पूर्ण वेळ विश्लेषक मोजकेच असतात, आणि त्या जागांसाठी लहानपणापासून हा खेळ खेळलेली स्थानिक मुले रांगेत असतात. फुटबॉल विभागाच्या खर्चावर लीगची मर्यादा असते आणि साथीनंतर 2021 साठी ती सुमारे 97 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवरून सुमारे 62 लाखांवर आणली गेली. नंतर ती टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, तरी त्या काळात अनेकांच्या नोकऱ्या गेल्या हे विसरता येत नाही. दुसऱ्या बाजूने, महिलांची लीग 2017 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली आणि आता सर्व 18 क्लबांचे महिला संघ आहेत. तिथे प्रत्येक बाजूला 16 खेळाडू असतात, हंगाम लहान असतो आणि पुरुषांच्या खेळाइतका खोल अभ्यास अजून झालेला नाही. नव्या माणसाला शिरण्यासाठी हे दार मला अधिक मोकळे दिसते.

तेव्हा माझा सल्ला असा आहे. केवळ क्रीडा विश्लेषण एवढाच शिक्का असलेल्या महागड्या अभ्यासक्रमासाठी आज कर्ज काढू नका. तिने आधी येथेच संख्याशास्त्रात किंवा डेटा सायन्समध्ये एम.एस्सी. करावी, म्हणजे बँक, आरोग्य, शेती, विमा अशा कोणत्याही क्षेत्रात उभे राहण्याइतका पाया हाताशी राहील. त्या दोन वर्षांत तिने आपले काम, नोंदी आणि निष्कर्ष, सातत्याने लिहून ठेवावे. त्यानंतरही ओढ तशीच राहिली तर मेलबर्नमधील विद्यापीठांचा विचार करावा. व्हिक्टोरिया विद्यापीठाने वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबबरोबर दीर्घकाळ संशोधन केले आहे, आणि ज्या विभागाचे क्लबशी असे प्रत्यक्ष नाते आहे तिथे जाण्यातच अर्थ आहे. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विभागाला पत्र लिहून एकच विचारावे, की गेल्या तीन वर्षांत आपले किती विद्यार्थी हंगामभर एखाद्या संघाबरोबर काम करीत होते. उत्तर आकड्यात आले तर पुढे जावे. गोलमोल आले तर थांबावे. मामा तिथे असल्याने राहण्याचा खर्च वाचेल, हे आपल्या हिशेबात धरायला हरकत नाही, पण तेवढ्यावरून निर्णय घेऊ नका.

आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे की ‘तिची ही वही आम्ही अजून उघडून पाहिलेली नाही.’ ती पाहावी, आणि तिला शेजारी बसवून एक पान समजावून सांगायला सांगावे. आपल्याला हा खेळ ठाऊक नाही, त्यामुळे आपल्याइतका चांगला श्रोता तिला मिळणार नाही. प्रशिक्षकासमोर तिला उद्या जे करायचे आहे ते हेच आहे. त्यानंतर तिने 2008 च्या अंतिम सामन्यातला तिसरा क्वार्टर वर सांगितल्याप्रमाणे कागदावर उतरवावा, ताबा बदलल्याच्या खुणांसह, आणि खाली दोनच वाक्ये लिहून ते पान मला पाठवावे. ते वाचून मी तिला स्वतंत्रपणे लिहीन.