फ्रेंच हॉर्न या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यात उंच स्वर निसटतात. दोष वाद्याचा की माउथपीसचा?

आधी माउथपीस, म्हणजे ओठ लावायचा कपासारखा भाग तपासा, हॉर्न नंतर. कपाची खोली, कडेची रुंदी आणि बोअर म्हणजे आतलं छिद्र, या तिन्हींतला जरासा फरकही ओठांना लगेच कळतो. खोल, नरसाळ्यासारखा कप स्वर गडद करतो. उथळ कपाने वरचे स्वर सोपे वाटतात, पण आवाज पातळ होतो. कड रुंद असेल तर ओठ उशिरा थकतात, मात्र लवचिकता थोडी जाते. शँक, म्हणजे माउथपीसचं निमुळतं टोक, लीडपाइपमध्ये (हॉर्नच्या सुरुवातीच्या नळीत) नीट बसत नसेल तर बाकीची सगळी चर्चा फुकट.

स्वर निसटण्याचं मूळ मात्र नळीच्या लांबीत आहे. हॉर्न एफ किंवा बी-फ्लॅट या मूळ स्वरांचे असतात. एफ हॉर्नची नळी सुमारे ३.७ मीटर, बी-फ्लॅटची सुमारे २.७ मीटर. लांब नळीत वरचे नैसर्गिक स्वर (नळीत फक्त ओठांनी निघणारे) इतके दाटीवाटीने येतात की ओठ जरा ढळले की शेजारचाच स्वर वाजतो. सिंगल एफ, म्हणजे फक्त एफ नळीचा हॉर्न वाजवत असाल तर दोन्ही नळ्या असलेला डबल हॉर्न घ्या. अंगठ्याच्या व्हॉल्व्हने बी-फ्लॅटवर गेलात की हा त्रास बराच कमी होतो.

हॉर्नच्या रचना क्रुस्पे, गायर अशा बनवणाऱ्यांच्या नावांनी ओळखतात. घंटेचा, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाचा, गळा रुंद असलेली क्रुस्पे पद्धतीची वाद्यं भरदार वाजतात, पण श्वास जास्त मागतात. गायर पद्धतीची बहुधा चटकन प्रतिसाद देतात. वाद्याचा धातू पितळ की निकेल सिल्व्हर (तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू), हा वाद मी तरी शेवटी ठेवेन. घंटेतल्या उजव्या हाताची जागा बदलून पाहा, आवाज त्याहून जास्त बदलतो.